कुणासाठी दात सरळ करतेस?

प्रौढ वयात दात सरळ करून घेणाऱ्या बाईबद्दल आपल्या वर्तुळात एक ठरलेला सूर आहे. तो कधी थट्टेचा असतो, कधी काळजीचा. आशय एकच : चळवळीतल्या बाईनं हे कशाला करायचं? गेले अकरा महिने मी अलाइनर वापरते आहे आणि या काळात तीन निरनिराळ्या बैठकांत मला विचारलं गेलं, "कुणासाठी दात सरळ करतेस?"

विचारणाऱ्या मैत्रिणी परक्या नाहीत. सौंदर्याच्या बाजाराविरुद्ध त्या रस्त्यावर उतरलेल्या आहेत. १९९४ साली विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही किताब भारतीय मुलींना मिळाले, आणि १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली तेव्हा स्त्री संघटनांनी तिच्या विरोधात निदर्शनं केली. (मी तेव्हा बालवाडीत होते.) ती भूमिका मला आजही मान्य आहे. पण दातांच्या बाबतीत आपण ती अर्धवट लावतो आहोत, असं माझं मत आहे. दात म्हणजे दिसण्याचा प्रश्न आणि दिसणं म्हणजे चैन, असं एकदा ठरवून टाकलं की दातांचं सगळंच त्या खात्यात जमा होतं. त्यात बायकांच्या जिवाशी आलेल्या गोष्टीही असतात.

हा प्रश्न मला पहिल्या वेळी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं. मी अकरावीत होते. दात पुढे होते आणि घरात त्यांना 'किसणी' म्हणत. आपल्याकडे मुलगी मोकळेपणानं हसली की "दात काढू नकोस" म्हणतात. माझ्या बाबतीत ते शब्दशः होतं, म्हणून तोंडावर हात धरून हसायचं मी शिकले. "लग्नाला पाच-सहा वर्षं आहेत, तोवर बसतील दात," असं आत्यानं ठरवलं. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं. चार उपदाढा काढून अडीच वर्षं तारा लावल्या. माझ्या थोरल्या भावाचे दात माझ्याइतकेच पुढे आहेत. त्याचं लग्न ठरताना दातांचा विषयही निघाला नाही.

तारा काढल्यावर वर्षभर रात्री प्लेट घालायला सांगितलं होतं. मी दीड वर्ष घातली. मग फाइल बंद झाली आणि दात सरकू लागले.

यात नवल काही नाही. दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. मुळाभोवती तंतूंचं बारीक अस्तर असतं. दाब पडला की एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. म्हणूनच मोठ्या वयातही दात हलवता येतात. पण दाब काढला की हिरड्यांतले ताणलेले तंतू दाताला मागे ओढू पाहतात. शिवाय वय वाढेल तशी खालच्या पुढच्या दातांची दाटी होत जाते, तार लावलेली असो वा नसो. (अक्कलदाढ ढकलते म्हणून असं होतं, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. केवळ एवढ्यासाठी कुणी ती काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावं.) सरळ केलेले दात तसेच राहायला हवे असतील तर रात्रीची प्लेट किंवा दातांमागे चिकटवलेली बारीक तार जन्मभर वापरावी, असं आता तज्ज्ञ सांगतात. लग्नापर्यंत टिकले म्हणजे पुरे, या हिशेबानं केलेल्या उपचारात जन्मभराचं कोण बोलणार?

बत्तिसाव्या वर्षी माझे खालचे दात एकमेकांवर चढले होते. त्यांच्या मागे ब्रश पोचत नव्हता, कीटण साठत होतं, हिरड्यांतून रक्त येत होतं. हे एक कारण. दुसरं कारण असं, की एका प्रशिक्षणाचं चित्रीकरण पाहताना माझ्या लक्षात आलं की बोलताना माझा हात पुन्हा तोंडाकडे जायला लागला आहे. दोन्ही कारणं खरी आहेत. पहिलं पुढे करून दुसरं लपवायची मला गरज वाटत नाही. आधी हिरड्यांचा उपचार झाला; तो न करता दात हलवायला घेणं धोक्याचं असतं. मग अलाइनर. खर्च १,१५,००० रुपये, दहा हप्त्यांत, माझ्या मानधनातून. या वेळी कुणी कर्ज काढलं नाही आणि कुणी मुहूर्तही काढला नाही.

अलाइनर म्हणजे दातांवर घट्ट बसणारं पारदर्शक प्लॅस्टिकचं टोपण. दातांचं त्रिमित चित्र घेऊन अशी ओळीनं वीस-तीस जोड्या टोपणं बनवतात. प्रत्येक टोपण दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतं. दिवसातले २२ तास ते तोंडात हवं; खाताना आणि पाण्याखेरीज काहीही पिताना काढायचं. काही दातांवर दातांच्याच रंगाचे उंचवटे चिकटवतात, जागा करायला कडा किंचित घासतात. जाहिरातीत दिसतं तितकं ते सुटसुटीत नाही.

टीका करायची तर या धंद्यात जागा भरपूर आहेत. अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी १९९७ साली कॅलिफोर्नियात निघाली. संस्थापकांपैकी एकानं स्वतः मोठेपणी तारा लावलेल्या होत्या. कंपनीनं आपल्या मालाला 'इनव्हिजलाइन' हे नाव दिलं, आणि न दिसणं हाच तेव्हापासून या मालाचा मोठेपणा झाला. कुणाला कळणारसुद्धा नाही! म्हणजे बाईनं स्वतःला बदलायचं आणि त्यासाठी केलेला खटाटोपही लपवायचा. सुंदर दिसावं, पण ते मुळातच तसं आहे असं वाटावं. ही अट नवी नाही, प्लॅस्टिक तेवढं नवं आहे. डॉक्टरांना न भेटता घरपोच अलाइनर मागवण्याचा प्रकार तर त्याहून वाईट. 'स्माइलडायरेक्टक्लब' ही अमेरिकेतली मोठी कंपनी सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरात बंद पडली. ज्यांचे दात अर्धवट सरकले होते त्यांना तुमच्या भागातला डॉक्टर गाठा असं सांगण्यात आलं, आणि हप्ते मात्र भरत राहा म्हणून. हिरड्या-हाडं न तपासता दात हलवणाऱ्याच्या हाती तोंड देऊ नये, हे मी प्रत्येकीला सांगते.

शहरातल्या कचेरीत अलाइनर दिसत नसेल. वस्तीत तो लपवता येत नाही, कारण घरोघर चहा होतो. चहा नाकारण्याचा अर्थ आपल्या समाजात काय होतो, विशेषतः दलित वस्तीत, ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे उंबऱ्याशीच मी अलाइनर काढून डबीत ठेवते, चहा घेते, चूळ भरून परत बसवते. पहिल्या दिवशी एका मावशींनी कळवळून विचारलं, "अगं बाई, या वयात कवळी?" खरं सांगितल्यावर हसू झालं. किंमत सांगितल्यावर शांतता झाली.

मग बोलणं सुरू झालं. दहा वर्षं या वस्तीत काम करते आहे. रेशन, नळ, मारहाण, मुलींची शाळा, सगळ्यावर बोललो, पण दातांवर कधी कुणी बोललं नव्हतं. बहुतेकींना मशेरीची सवय. ती धरली की दाढ ठणकायची थांबते, भूकही मरते, असं त्या सांगतात. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ साली बंदी केली, पण तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? दाढ दाखवायची तर एक रोजगार बुडतो. 'दात आहेत तर चणे नाहीत' ही म्हण इथे दोन्ही बाजूंनी उलटी पडते : चणेही नाहीत आणि दातही नाहीत.

त्यातच एकीनं पदर बाजूला करून विचारलं, "ताई, माझा बसंल का यात?" नवऱ्यानं तांब्या फेकून मारला होता. पुढचा एक दात तुटून मुळाशी राहिला होता, शेजारचा हलत होता. पोळीभाजी केंद्रात गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं तिचं काम गेलं, मागे भांडी घासायला लावलं, दिवसाला शंभर रुपये कमी. दिसण्याचा प्रश्न म्हणतो तो हा. अलाइनरचा तिला काही उपयोग नव्हता. पोलिसांनी एनसी लिहून घेतली होती आणि दवाखान्याच्या कागदावर 'ओठाला सूज' एवढंच होतं.

कायदा इथे आपल्या बाजूचा आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३२०नं हाड किंवा दात मोडणं, निखळणं हे गंभीर दुखापतीत धरलं होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६नं ते तसंच ठेवलं आहे. कलम ११७(२) प्रमाणे शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र. एका दातानं एनसीचा एफआयआर होतो! मात्र दात मोडल्याचं कागदावर यायला हवं. आम्ही तिला दंत महाविद्यालयात नेलं, एक्स-रे आणि डॉक्टरांचा दाखला जोडला, आणि ठाण्याला गुन्हा दाखल करावा लागला. दाताच्या उपचाराचा खर्च कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या (२००५) कलम २०खाली नवऱ्याकडून मागता येतो. तो अर्ज अजून न्यायालयात पडून आहे.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर आहे. तिथे तारा लावण्याचे विभागही आहेत आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. पण खेड्यातली बाई तिथवर जाऊन महिन्याला एक फेरी कशी मारणार? राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला, तरी आमच्या तालुक्यात दाताचा इलाज म्हणजे दात उपटणं. वाचवणं ज्याला परवडेल त्यानं शहर गाठावं. याविषयी आपण एकही मोर्चा काढलेला नाही.

आमच्या केंद्राच्या नोंदपत्रकात आता 'दात' असा वेगळा रकाना आहे : हलतो, तुटला, पडला, कधी, कशानं. त्याखाली कार्यकर्त्यांसाठी एक सूचना छापली आहे. मारहाणीत पक्का दात मुळासकट निखळून पडला तर तो मुळाला न धरता वरच्या भागाला धरून उचलायचा, घासायचा नाही, दुधात ठेवायचा आणि बाईला लगेच, शक्यतो तासाच्या आत, दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. तो पुन्हा बसवता येतो.