खेळाचा तास पळवू नका!

विद्यार्थीमित्रहो, दहावीचे वर्ष सुरू झाले की वेळापत्रकातला एक तास हळूच नाहीसा होतो. तो म्हणजे खेळाचा तास. कधी बीजगणित मागे पडलेले असते, कधी सराव-परीक्षा जवळ आलेली असते. त्याबद्दल पालकांचीही तक्रार नसते. माझी मात्र आहे, आणि ती मी जीवरसायनशास्त्राच्या आधाराने मांडणार आहे.

पोळी-भातातील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज होते व ते रक्तात उतरते. इन्शुलिनच्या सांगण्यावरून ते उचलणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे हाडांना जोडलेले आपले स्नायू. पण ग्लुकोज स्नायूपेशीत आपण होऊन शिरू शकत नाही. त्याला आत घेणारी ‘ग्लूट-४’ नावाची वाहक प्रथिने एरवी बहुतेक पेशीच्या पोटातच असतात. इन्शुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते. हा ग्राही स्वतःच एक विकर आहे. तो पुढच्या विकराला जागे करतो, ते त्याच्या पुढच्याला, आणि असा निरोप हातोहात पोचला की ग्लूट-४ पृष्ठभागावर येऊन ग्लुकोजला वाट करून देतात. ग्लुकोज आत येताच हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेटची गाठ मारते. मग त्याला परत बाहेर पडता येत नाही. ते ऊर्जेसाठी वापरले जाते किंवा ग्लायकोजेनच्या रूपात साठवले जाते.

आता बैठी राहणी आणि गरजेहून जास्त खाणे यांची जोडी जमली, तर स्नायूंत मेद साचू लागतो आणि विकरांची ही साखळी नीट चालत नाही. इन्शुलिन दार ठोठावते, पण स्नायू दाद देत नाही. यालाच इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड बिचारे अधिकाधिक इन्शुलिन पुरवत राहते. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत ते कमी पडले, की दुसऱ्या प्रकारचा मधुमेह उभा राहतो.

सुदैवाने स्नायूला आणखी एक दार आहे. तुम्ही कबड्डी खेळता तेव्हा स्नायूतील एटीपी भराभर खर्च होते व एएमपी वाढते. ते एएमपी-कायनेज या विकराला जागे करते. स्नायूच्या आकुंचनात सुटणारे कॅल्शियमही मदतीला येते. अशा संदेशांमुळे ग्लूट-४ इन्शुलिनची वाट न पाहता पृष्ठभागावर येतात. प्रतिरोध आलेल्या स्नायूतही हे दार बहुतांशी उघडते! शिवाय खेळून झाल्यावरही स्नायू इन्शुलिनला अधिक दाद देतो. मात्र हा लाभ एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदा, रविवारी, घाम गाळून भागत नाही. (पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्शुलिनच जवळजवळ तयार होत नाही. तेथे इन्शुलिनचे इंजेक्शन घ्यावेच लागते. व्यायाम त्याची जागा घेऊ शकत नाही.)

“आम्ही तर सडपातळ आहोत, आम्हाला काय धोका?” असे कोणी म्हणेल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! तेव्हा वजनकाट्यावर फार विसंबू नका.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम मोठा असतो आणि निकालाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. तरीही वर्गात विकरांची व्याख्या पाठ करून घ्यायची आणि त्याच विकरांना काम देणारे मैदान मात्र बंद ठेवायचे, हे विज्ञानशिक्षण नव्हे. राहिलेले बीजगणित पुढच्या आठवड्यात भरून काढता येईल. बसून राहायची सवय मात्र एकदा अंगवळणी पडली की सहजी सुटत नाही.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी खेळाचा तास गेला, तर वर्गशिक्षकांकडे नम्रपणे तो परत मागा. त्यांनी कारण विचारले, तर ग्लूट-४ची गोष्ट सांगा. आणि तास मिळाला, तर कडेला बसून राहू नका!