न्हाणीघराची नवी मांडणी : फरशीच्या आधीं नळाचा विचार

घरांत एखादें लग्नकार्य ठरलें, किंवा वडील मंडळींना परसांतल्या मोरीच्या पायऱ्या उतरणें जड जाऊं लागलें, म्हणजे न्हाणीघर नवें करण्याची गोष्ट निघते. मग फरशीचा रंग कोणता आणि तोट्या कोणत्या घ्याव्या, यावर घरांतील सर्वजण हिरिरीनें बोलूं लागतात. पाणी येईल कोठून आणि जाईल कोठें, हा भाग मात्र ‘तें मिस्त्री पाहील’ असें म्हणून सोडून दिला जातो. वास्तविक घराचा पैसा, श्रम आणि आरोग्य हीं तिन्ही याच भागांत गुंतलेलीं असतात. फरशी मनास आली नाहीं तर ती डोळ्यांना खटकेल, इतकेंच. पण भिंतींतला नळ किंवा जमिनीखालची टाकी चुकली, तर झालेलें सारें काम पुन्हां उखडावें लागतें.

उदाहरणासाठीं आपण ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांतलें डोळखांब घेऊं. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. आजोबाच्या डोंगराकडे जाणारी वाट येथूनच जाते. याच तालुक्यांत १८९२ सालीं पुरें झालेलें तानसा धरण आहे, पुढें भातसा धरणही झालें, आणि त्यांचें पाणी मोठमोठ्या नळांनीं मुंबईस जातें. असें असून तालुक्यांतील कित्येक गांवांना व पाड्यांना चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस तेथें थोडा पडतो असें नाहीं. चार महिने तो धो धो कोसळतो. परंतु खालीं काळा कातळ असल्यामुळें पाणी मुरतें तें भेगांपुरतें, बाकीचें उतारावरून निघून जातें. आषाढांत काठोकाठ भरलेली विहीर होळीनंतर खोल खोल जाते. अशा ठिकाणीं न्हाणीघराचा आराखडा वैशाखांतील विहीर पाहून करावा, आषाढांतील पाहून करूं नये.

आधीं पाण्याचा हिशेब मांडावा. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें खेड्यांतील घरांसाठीं माणशीं रोज ५५ लिटर हें प्रमाण धरलें आहे. दहा माणसांच्या घरास हे ५५० लिटर झाले, आणि त्यांतच स्वयंपाक, भांडीं, धुणें, स्नान सर्व आलें. आतां शौचकूपावरची जुन्या धर्तीची फ्लशची टाकी एका वेळेस दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी सोडते. माणशीं दिवसांतून चार वेळां धरलें तर दहा माणसांस ४०० लिटर येथेंच संपले! दोन बटणांची टाकी एका बटणास सहा व दुसऱ्यास तीन लिटर सोडते. एकदां सहा आणि तीनदां तीन धरले, तर माणशीं पंधरा, म्हणजे घरास १५० लिटर पुरतात. रोजचा हा अडीचशें लिटरांचा फरक पंधरा लिटरांच्या हंड्यानें मोजला, तर सोळा-सतरा हंडे होतात. नळ कोरडा पडल्यावर हे हंडे घरची सून तरी आणते, नाहीं तर पाणी भरणारी बाई. म्हणून टाकीची निवड दुकानांतील चित्रें पाहून करण्यापेक्षां या बायकांना विचारून करावी, हें बरें.

दुसरा विचार खोल्यांचा. स्नान, शौचकूप आणि हात-तोंड धुण्याची जागा हीं तिन्ही एकाच दाराआड आणण्याची रीत हल्लीं फार आहे. दोन-तीन माणसांच्या बिऱ्हाडास ती सोयीची; परंतु दहा माणसांच्या घरांत सकाळीं एकजण आंत गेला कीं बाकीचे नऊ बाहेर तिष्ठत राहतात. तीन जागांस तीन निरनिराळीं दारें ठेवावींत आणि नळ मात्र सर्वांचे एकाच सामाईक भिंतींतून न्यावेत. खर्च आटोक्यांत राहतो, ओल एकाच बाजूस राहते, आणि स्नानाची जागा शौचकूपापासून वेगळी असावी ही आजीबाईंची इच्छाही सहज पुरी होते.

आतां पाणी आणणाऱ्या नळांकडे वळूं. नळांतून पाणी किती जोरानें येईल, हें टाकीच्या उंचीवर ठरतें. दहा मीटर उंचीच्या पाण्यानें दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोचा दाब मिळतो. कौलारू घरावरची टाकी तोटीपासून जेमतेम तीन मीटर उंच असते. इतक्या दाबानें भारी किंमतीचा फवारा नुसता ठिबकत राहतो. तेव्हां कमी दाबावर चालणारा फवारा घ्यावा, आणि बादलीची तोटी तर असावीच. लोखंडी नळ आंतून गंजून अरुंद होत जातात, आणि साधा पीव्हीसी नळ गरम पाण्यानें नरम पडतो. म्हणून गरम पाण्यासाठीं सीपीव्हीसीचा नळ घालावा. प्रत्येक खोलीस बंद करण्याची स्वतंत्र चावी ठेवावी, म्हणजे एक तोटी बिघडल्यास साऱ्या घराचें पाणी तोडावें लागत नाहीं. याखेरीज स्नानाच्या खोलींत बाहेरून हंड्यानें भरतां येईल असा ठेंगणा, झांकणाचा हौद अवश्य ठेवावा. टंचाईच्या दिवसांत खरा उपयोग त्याचाच होतो.

तांब्याच्या बंबाची जागा आतां बहुतेक घरीं गीझरनें घेतली आहे. गॅसवरचा गीझर बंद न्हाणीघरांत कधींही बसवूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं कीं वास नाहीं; माणूस नकळत बेशुद्ध होतो आणि प्राणास मुकतो. असा गीझर बाहेर, उघड्या पडवींत लावून आंत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. विजेचा गीझर असेल तर नीट अर्थिंग आणि गळती होतांच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच, या दोहोंवांचून तो सुरू करूं नये.

सांडपाण्याच्या नळास दर फुटास पाव इंच उतार असावा. प्रत्येक जाळीखालीं ट्रॅप हवा. त्यांत दोन इंच पाणी सदैव उभें राहतें, आणि तेंच दुर्गंधीस व झुरळांस अडवितें. नळ जेथें वळतो तेथें झांकणाचा चेंबर बांधावा, म्हणजे तुंबलें असतां जमीन खोदावी लागत नाहीं. स्नानाचें पाणी आणि शौचकूपाचें पाणी यांचे मार्ग अगदीं वेगळे ठेवावेत. पहिलें पाणी परसांतील केळीस आणि अळवास देतां येतें. दुसरेंच काय तें सेप्टिक टाकींत जावें.

टाकी खोदावी कोठें, हा साऱ्या कामांतला सर्वांत गंभीर प्रश्न आहे. मिस्त्री बहुधा परसांतली जवळची जागा दाखवितो, कारण नळ कमी लागतो. विहीरही बहुधा परसांतच असते! टाकींतून बाहेर पडणारें पाणी स्वच्छ नसतें. तें शोषखड्ड्यांत जिरावयाचें असतें. पिण्याच्या विहिरीपासून असा शोषखड्डा निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर असावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. कातळाच्या भेगांतून मैलपाणी न गाळतां दूरवर जातें, आणि पावसाळ्यांत भूजल वर येतें. म्हणून डोळखांबसारख्या भागांत अंतर याहून अधिक मिळाल्यास उत्तम. मोजतांना शेजाऱ्याची विहीरही मोजावी. आपल्या कुंपणापलीकडे ती असली, तरी तिचें पाणी पिणारीं मुलें आपल्याच आळींतलीं आहेत. साठ फूट साधत नसतील तर शौचकूपाची जागा बदलावी, नळास चार पैसे अधिक घालावेत. पण विहिरीजवळ खड्डा खणूं देऊं नये.

ही टाकी दोन-तीन वर्षांनीं उपसावी लागते, याचाही विचार आधींच करावा. संरक्षक साधनांवांचून माणूस अशा टाकींत उतरवून सफाई करविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे, आणि त्या विषारी वायूंनीं कित्येक सफाई कामगारांचे बळी घेतले आहेत. उपसा करणाऱ्या गाडीची नळी पोंचेल अशा जागीं टाकीचें झांकण ठेवलें, म्हणजे कोणास आंत उतरावयास सांगण्याची वेळच येत नाहीं.

कामास मुहूर्त दिवाळीनंतरचा बरा. जमीन वाळलेली असते आणि विहिरींतही पाणी असतें. काम चालू असतां घरची दहा माणसें स्नान कोठें करतील, याची सोय आधीं लावावी. आजोबांसाठीं भिंतीस दांडा हवा असेल तर त्याचा आधार फरशीपूर्वीं भिंतींत बसवावा; उंबरठा काढावा, आणि दार बाहेर उघडेल असें करावें, म्हणजे आंत कोणी पडल्यास त्याच्याजवळ पोंचतां येतें. नळ बसल्यावर गिलाव्याआधीं त्यांत दाबानें पाणी भरून एक दिवस ठेवावें. जमिनीचा जलरोधक थर घातल्यावर जाळी बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून पाहावें. दोन्ही वेळां गळती नाहीं अशी खात्री झाल्यावरच फरशी लावूं द्यावी. मिस्त्री घाई करील. त्यास नम्रपणें पण निक्षून थांबवावें. नळ झांकण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें घेऊन, अंतरें मोजून एक नकाशा करावा आणि घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. पुढें भिंतीस खिळा ठोकतांना त्याचा उपयोग कळेल.

हा नकाशा करावयास बसाल तेव्हां घरांतील कर्त्या पुरुषांबरोबर आजीबाई, सुना आणि पाणी भरणारी बाई यांसही बोलवा. वाकून बादली कोण उचलतें आणि रात्रीं अंधारांत कोण उठतें, हें त्यांना ठाऊक असतें. त्यांचें सर्व ऐकून घ्यावें, टेप घेऊन विहिरीपासून अंतर स्वतः मोजावें, आणि मग फरशीच्या दुकानाची पायरी चढावी.