व्यत्ययाचे भाषांतर

व्यत्यय म्हटला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. संगणकाच्या जगात मात्र व्यत्ययाला, म्हणजे इंटरप्टला, मानाचे पान आहे. यंत्राचा एखादा भाग प्रोसेसरला हाक मारतो, "हातातले ठेव, आधी माझ्याकडे बघ." प्रोसेसर बघतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात यंत्रांची सॉफ्टवेअरे लिहितो. सध्या तो एका जुन्या यंत्राचा प्रोग्राम लिनक्सवर नेतो आहे. वरिष्ठ म्हणतात, "बारा वर्षे चालतोय, नुसता उचलून तिकडे ठेव." मी आयुष्यभर मराठी शिकवले, त्यामुळे हे बोलणे ओळखीचे वाटले. शब्दाला शब्द ठेवला की भाषांतर झाले, असे मानणारेही असेच बोलतात!

अडचण कुठे येते बघा. जुन्या छोट्या प्रणालीत हाक आली की तिथल्या तिथे सगळे काम उरकता येई, आणि त्या हाकेपुढे इतर कामांचे काही चालत नसे. लिनक्समध्ये साध्या प्रोग्रामला ही हाक सहसा थेट ऐकू येत नाही. ती कर्नलमधला ड्रायव्हर ऐकतो. त्यानेही तिथे रेंगाळायचे नसते. तातडीचे तेवढे करायचे, उरलेले नंतरसाठी ठेवायचे. २०२४ मध्ये मूळ लिनक्समध्ये सामावलेल्या रिअल-टाइम प्रकारात तर इंटरप्टची बहुतेक कामे थ्रेड होऊन रांगेत उभी राहतात, आणि जास्त प्राधान्याचा दुसरा थ्रेड त्यांच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे 'हाक सर्वांत मोठी' हे जुने गृहीतकच मोडले. ते कुठे लिहिलेले नसते, म्हणून भाषांतरात हमखास सुटते.

साधा हिशेब करू. ९६०० बॉडच्या सिरीयल पोर्टवर एका अक्षराला साधारण १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे, जवळजवळ दर मिलिसेकंदाला एक. चिपमध्ये एकाच अक्षरापुरती जागा असेल, तर पुढचे यायच्या आत आधीचे उचललेच पाहिजे. नाही उचलले, तर ते गेले. टेबलावर शंभरदा तपासले तरी सारे ठीक दिसेल, आणि कामाचा ताण पडेल त्या दिवशी नेमके अक्षर गळेल. ते यंत्र एखाद्या रुग्णाच्या उशाशी असले तर?

म्हणून माझे मत असे, की प्रोग्राम हलवण्याआधी प्रत्येक इंटरप्टपुढे तीन गोष्टी लिहून काढाव्यात. उत्तर किती वेळात हवे, उशीर झाला तर काय बिघडेल आणि त्या वेळी कोणती कामे थांबलेली असतील असे धरले आहे. यात चार दिवस जास्त जातील, जाऊ द्यावेत. 'चालतंय' हा पुरावा जुन्या घरापुरताच असतो.

आणि मूळ प्रोग्राम लिहिणारी माणसे भेटत असतील तोवर त्यांना विचारून घ्यावे. हे मी स्वतः निवृत्त आहे म्हणून म्हणत नाही. बरं, थोडेसे त्यामुळेही म्हणतो!