कोनशिलेवर नसलेली नावे

१/ शिलालेख वाचण्यासाठी आपण इतिहासप्रेमी मंडळी उन्हातान्हात गड चढतो. आज मात्र तालुक्याच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयाची साधी कोनशिला वाचू. तिच्यावर मंत्रिमहोदयांचे नाव असते, लोकार्पणाची तारीख असते. माझे म्हणणे असे की, आपल्या ग्रामीण आरोग्यसेवेचा महत्त्वाचा इतिहास त्या दगडावर नाही. तो रुग्णालयाच्या उंबरठ्याबाहेर घडला आणि तो घडवणाऱ्या स्त्रियांची नावे आपण नीट नोंदवलीही नाहीत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रारंभ मिरजेपासून करू. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे मिशन रुग्णालय उभारले. शस्त्रक्रियेसाठी त्याची कीर्ती दूरवर पसरली आणि लांबलांबून रुग्ण मिरजेस येऊ लागले. हे कार्य मोठेच होते. परंतु या पद्धतीत रुग्णालय जागेवर असते आणि वाट रुग्णाने चालायची असते. रात्री अडलेली बाळंतीण, छाती भरलेले दोन महिन्यांचे मूल, मजुरी बुडाली तर चूल न पेटणारे घर, यांना ती वाट चालता येत नव्हती.

३/ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नाचा सर्वांगीण विचार झाला. १९४३ साली नेमलेल्या सर जोसेफ भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्याचे सूत्र होते. तातडीच्या योजनेत ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले होते. दीर्घकालीन स्वप्न त्याहून मोठे होते : दहा ते वीस हजार लोकांसाठी ७५ खाटांचे रुग्णालय!

४/ हे स्वप्न आजही पुरे झालेले नाही. पण अहवालातील एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. तातडीच्या योजनेच्या कर्मचारी यादीत डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर प्रशिक्षित दायांनाही जागा होती. म्हणजे गावची सुईण ही आरोग्यव्यवस्थेचा भाग होऊ शकते, हे १९४६ साली कागदावर आले होते. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर आरोग्य केंद्रे उघडू लागली. इमारती वाढल्या. सुईण मात्र बहुतेक ठिकाणी दाराबाहेरच राहिली.

५/ आता १९७० साली जामखेडला येऊ. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील हा दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आधी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले होते. तेथे त्यांना एक गोष्ट सलत राहिली. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते. जुलाबाने सुकलेले मूल बरे होऊन घरी जाई, तेच दूषित पाणी पिई आणि पुन्हा खाटेवर येई. रुग्णालय भरलेले असे, आणि गाव होते तसेच आजारी राही.

६/ जामखेडला त्यांनी रुग्णालय उभारलेच, पण खरे काम गावागावांत नेले. प्रथम शिकलेल्या परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या, ते जमेना. मग गावाने निवडलेल्या, तेथेच राहणाऱ्या स्त्रीला शिकवायचे ठरले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतील होत्या. त्या ठरावीक दिवशी केंद्रावर येत, शिकत आणि शिकलेले गावात नेत. दुष्काळात पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह प्रकल्पाने धरला, म्हणून पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत जावे लागले. औषधाच्या पेटीने जे साधले नसते, ते हातपंपाने काही अंशी साधले.

७/ येथे क्षणभर थांबून विचार करावा. जिच्या सावलीचा विटाळ मानला जाई, तिच्या हाती त्याच गावातील बाळंतपणे आली. ही केवळ वैद्यकीय घटना नव्हे. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील ती एक मोठी उलथापालथ आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला एक ओळसुद्धा मिळालेली नाही. जगाने मात्र दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. ‘सर्वांसाठी आरोग्य’ या ध्येयाची अल्मा-आटा परिषद त्यानंतर, १९७८ साली भरली.

८/ जामखेडच्या अशाच एक आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनमधील एका आंतरराष्ट्रीय सभेत बोलल्या. सभागृहात लखलखती झुंबरे होती. त्यांनी डॉक्टरांची तुलना त्या झुंबरांशी केली : देखणी, महाग आणि हाताला न लागणारी. मग स्वतःजवळची साधी पणती पेटवली आणि तिने दुसरी पणती उजळून दाखवली. झुंबराला हे करता येत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. जगातील मोठमोठ्या तज्ज्ञांनी उभे राहून टाळ्या वाजवल्याचे सांगतात. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव यापूर्वी ऐकले होते?

९/ दुसरे ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तेथे काम सुरू केले. आदिवासींना मोठ्या इमारतीची भीती वाटते हे ओळखून त्यांनी शोधग्राममधील दवाखाना गोंड वस्तीसारखा, झोपड्यांचा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. रुग्णासोबत नातेवाईक राहू शकतील, अशी ती रचना होती. जेथे रुग्णालयच गावाचे रूप घेते, तेथे गाव रुग्णालयाला परके मानत नाही.

१०/ पण नवजात बालके दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. घरीच दगावत होती. म्हणून ३९ गावांत अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देणे, हे सारे त्या घरोघरी करू लागल्या. गावच्या बाईच्या हाती सुई देण्यावर अनेक डॉक्टरांचा आक्षेप होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला होता. त्या आक्षेपाचे उत्तर याहून स्पष्ट काय असावे?

११/ शासनाने यातून धडा घेतला, हे नमूद केलेच पाहिजे. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ आली, २०११ मध्ये घरोघरी नवजात बालकांची काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. परंतु सरकारी भाषेत ती आजही ‘स्वयंसेविका’ आहे. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. सन्मान जागतिक आणि हिशेब फुटकळ, अशी ही स्थिती आहे.

१२/ माझा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. शासनाने या प्रयोगांतील अर्धाच भाग उचलला. जामखेडची कार्यकर्ती किंवा गडचिरोलीची आरोग्यदूत एकटी नव्हती. तिच्या पाठीशी चालते, ओळखीचे रुग्णालय होते. नियमाप्रमाणे १,२०,००० लोकवस्तीसाठी, आदिवासी व डोंगराळ भागात ८०,००० साठी, ३० खाटांचे रुग्णालय असावे. तेथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत. प्रत्यक्षात यांतील कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी असतात.

१३/ याचा अर्थ काय होतो? आशा रात्री दोन वाजता एका बाळंतिणीला समजावून, सासूची मनधरणी करून रुग्णालयात आणते. तेथे उत्तर मिळते : “डॉक्टर नाहीत, जिल्ह्याला न्या.” त्या रात्री फक्त रुग्णाचा वेळ जात नाही; त्या बाईने गावात वर्षानुवर्षे जमवलेली पत जाते. पुढच्या वेळी तिचे कोण ऐकेल? रिकाम्या पदाची किंमत अशी तिच्या खात्यातून वळती होते.

१४/ कोणी म्हणेल, ती मोजकी गावे होती, दांपत्ये असामान्य होती. असे सर्वत्र कसे व्हावे? या म्हणण्यात तथ्य आहे. पण ही शंका आपल्या इतिहासलेखनाच्या सवयीतूनही येते. आपण प्रत्येक कार्याची ऋषितुल्य व्यक्तीची गाथा करतो आणि मग ‘असे लोक आता कोठे?’ म्हणून मोकळे होतो. आरोळे आणि बंग यांची थोरवी निर्विवाद आहे. तथापि त्यांनी जे सिद्ध केले, ते नेमके उलट होते : हे काम असामान्य माणसांवाचून, शिकवलेल्या आणि पाठबळ दिलेल्या सामान्य स्त्रियांकडून होऊ शकते.

१५/ म्हणून मागणी दुहेरी हवी. आशेला कर्मचाऱ्याचा दर्जा आणि नियमित वेतन द्या. आणि तिच्यामागे तीस खाटांचे, डॉक्टर हजर असलेले रुग्णालय उभे करा. पणतीला तेल कोठून तरी मिळावे लागते.

१६/ आणि आपण, इतिहासाचे विद्यार्थी? १९७० च्या दशकात शिकलेल्या कार्यकर्त्या आज वृद्ध झाल्या आहेत. त्यांतील अनेकींना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांची दफ्तरे नाहीत. बखर लिहिणारा त्यांच्या दारी कधी गेला नाही. या दिवाळीत गावी जाल तेव्हा एक काम करा. तुमचा जन्म, तुमच्या आईचा जन्म कोणाच्या हातून झाला, हे घरात विचारा. ते नाव, तिचे गाव, ती कोणाकडून शिकली, हे वहीत उतरवा. ती हयात असेल तर तिच्यापाशी बसा आणि तिला बोलू द्या. कोनशिला बदलणे आपल्या हाती नसेल. नोंद करणे आहे.