एकोणशंभर रुपये फक्त

गेल्या रविवारी सकाळी सकाळी काकांचा फोन. "अरे, तुझं ते आकड्यांचं यंत्र बिघडलंय का? आमच्या सोसायटीच्या पावत्यांवर 'दोन हजार एकोणशंभर रुपये फक्त' छापून आलंय. तळमजल्यावरच्या आजी पावती घेऊन घरोघरी दाखवत फिरताहेत."

हसलो. मग पोटात गोळा आला.

नातेवाईक मंडळींसाठी थोडं मागे जातो. आकडा दिला की तो मराठी अक्षरांत लिहून देणारी एक छोटी लायब्ररी मी लिहिली आहे. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वापरावी, उघडून पाहावी, दुरुस्ती सुचवावी. इंग्रजीत हे काम सोपं आहे, वीसच्या पुढे नुसती जोडाजोडी. मराठीत मात्र शंभरापर्यंत जवळपास प्रत्येक आकड्याचा स्वभाव निराळा. बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बहात्तर, ब्याऐंशी... तोच 'दोन', पण वेष बदलून येतो. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी पद्धत आली तेव्हा आमच्या घरी वाद झाला होता. मी 'वीस एक'च्या बाजूने होतो, हे आई अजून विसरलेली नाही.)

म्हणून मी शंभर नावांची सरळ यादी करून ठेवली होती. एका मुलाने ती लहान करून पाठवली. इंजिनिअरिंगला आहे, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक. त्याचं म्हणणं असं की एकोणतीसपासून पुढे नवाने संपणारे आकडे वेगळे लिहायचेच कशाला? पुढच्या दशकाला 'एकोण' लावा, झालं. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत सगळं बरोबर. आणि त्यापुढे नव्व्याण्णव!

कुणी असा बदल पाठवला की आधी मशीन माझ्या टेस्ट चालवतं. अमुक आकडा दिला तर अमुक शब्द आले पाहिजेत, अशा लिहून ठेवलेल्या परीक्षा. सगळ्या पास झाल्या की हिरवी खूण येते. मग माणसाने, म्हणजे मी, बदल वाचायचा आणि पटला तर सामील करून घ्यायचा. माझ्या टेस्टमध्ये २९ होता, ४९ होता, ८९ होता, लाख-कोटीही होते. ९९ नव्हता. रात्री साडेअकराला, अंथरुणात पडल्या पडल्या, फोनवर हिरवी खूण पाहिली आणि 'मर्ज' दाबलं. वाचलं का? खरं सांगायचं तर चाळलं.

आता मुलाला दोष द्यावा, तर टेस्ट माझ्या आणि रिव्ह्यूही माझाच.

मी एवढा सैल का झालो होतो, तेही सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी एका मुलीने चांगला बदल पाठवला होता. मी त्यावर तेवीस शेरे मारले. इथे जागा सोड, हे नाव असं नको, ही ओळ लांब झाली. शाळेतल्या त्या लाल शाईवाल्या सरांसारखा. तिने अर्धे शेरे निस्तरले आणि एक दिवस यायची थांबली. फुकट, आवडीने काम करायला आलेल्या माणसाला मी पळवून लावलं. त्यानंतर ठरवलं, मशीन हो म्हणतंय ना, मग आपण कशाला आडवं यायचं?

दोन्ही वेळा चूक एकच, असं आता वाटतं. मशीनचं काम मी केलं आणि माझं काम मशीनवर ढकललं.

मोकळ्या जागा आणि ओळींची लांबी तपासायला प्रोग्राम आहेत. तो न थकता सांगतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या सांगण्याचा कुणाला राग येत नाही. पण टेस्ट विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देते. न विचारलेला प्रश्न सुचायला माणूस लागतो, आणि तोही जागा असलेला.

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं नाही. ओपनएसएसएल ही असंख्य वेबसाइटच्या कुलपामागची ओपन सोर्स लायब्ररी. २०११ च्या ३१ डिसेंबरला तिच्यात एक बदल सामील झाला. एका कॉम्प्युटरने एक शब्द पाठवायचा, त्याची लांबी सांगायची आणि समोरच्याने तो तसाच परत करायचा. सांगितलेली लांबी खोटी असली तर? तर समोरचा आपल्या मेमरीतलं जे हाताला लागेल ते, एका वेळी ६४ केबीपर्यंत, देऊन टाकायचा. त्यात पासवर्डही आले, किल्ल्याही आल्या. बदल सामील होण्याआधी जाणत्या माणसाने तपासलेला होता. तरी २०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' या नावाने तो जगजाहीर होईपर्यंत चूक तशीच राहिली. कोड सगळ्यांना उघडा आहे म्हणजे कुणीतरी वाचत असेलच, हा भरवसा मला तेव्हापासून वाटत नाही. गंमत म्हणजे तरीही मी स्वतः वाचलं नाही.

असो. त्याच दुपारी आईला शून्य ते नव्व्याण्णव एका वहीत लिहून द्यायला सांगितलं. कोडवरून काढलेली यादी नको होती, कारण मग चोराच्या हाती किल्ल्या. तिने चष्मा लावून शंभर ओळी लिहिल्या आणि 'वीस एक'चा एक टोमणाही मारला. आता कुठलाही बदल आला की आधी आईची वही पास करावी लागते.

मुलाला मी सगळं लिहून कळवलं, काकांच्या पावतीच्या फोटोसकट. त्याला वाईट वाटलं असावं. दोन दिवस उत्तर नव्हतं. मी पुन्हा तेवीस शेऱ्यांच्या आठवणीने अस्वस्थ.

बुधवारी त्याचा नवा बदल आला. १५० ला 'दीडशे', २५० ला 'अडीचशे', १५०० ला 'दीड हजार'. हिरवी खूण आहे. या वेळी टेबलाशी बसून, चहा घेऊन, ओळ न् ओळ वाचली. खाली एकच प्रश्न लिहिलाय: "चेकवर 'दीड हजार' लिहिलेलं बँकेत चालेल का रे?"

अजून उत्तर आलेलं नाही. वाचणाऱ्यांत बँकेतलं कुणी असेल तर सांगा :)