विचार दाराशी येतात तेव्हा

जबलपूरजवळच्या खमरियात राहणाऱ्यांना मोठ्या आवाजाचे नवल वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तोफा आणि गोळे यांची चाचणी घेणारे लाँग प्रूफ रेंजही इथेच आहे. चाचणी सुरू झाली की खिडक्यांची तावदाने थरथरतात, झाडावरची पाखरे उडतात आणि पुन्हा येऊन बसतात. भाजी चिरणारी बाई मान वर करून पाहतही नाही. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कारखान्यात स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले. असे काही घडले की रोजच्या सवयीचा आवाजही काळजात धस्स करतो.

इथल्या एखाद्या मराठी ख्रिस्ती घराची कल्पना करावी. जबलपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते, त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या घरातले आजोबा नगरकडून आलेले. आता नातू कारखान्यात दारू भरण्याच्या विभागात आहे. तो सकाळी डबा घेऊन निघाला की बायकोचे मन त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत जाते आणि तिथेच घुटमळत राहते. दूर कुठे धाडकन आवाज झाला की हातातले लाटणे थांबते. हे घरी परत येतील ना? मुलांचे कसे होईल? क्वार्टर सोडावे लागले तर कुठे जायचे? एका आवाजातून दहा मिनिटांत पुढची वीस वर्षे तिच्या डोळ्यांसमोर उभी राहतात.

शेजारीण प्रेमाने समजावते, "भाभी, इतना मत सोचा करो." रविवारी देवळात पाळकसाहेब आकाशातल्या पाखरांचा दाखला देऊन चिंता सोडायला सांगतात. ती घरी येते, पण चिंता सुटत नाही. मग भीतीवर आणखी एक ओझे चढते. आपला विश्वासच कमी आहे, म्हणून असले विचार येतात, असे तिला वाटू लागते. हे दुसरे ओझे पहिल्यापेक्षा जड असते, कारण ते कोणाला सांगताही येत नाही.

विचार येणे हा गुन्हा नाही

या दुसऱ्या ओझ्याला पवित्र शास्त्रात आधार नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः अत्यंत खिन्न आणि व्याकूळ झाला होता, असे शुभवर्तमान सांगते. पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला दिसत होते आणि ते टळावे असेही त्याला वाटले. त्याने ते लपवले नाही. शिष्यांना सांगितले आणि पित्याजवळ बोलून दाखवले. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्याच मनात ही व्याकुळता आली असेल, तर ती आली म्हणून कोणाचा विश्वास खोटा ठरत नाही.

चौथ्या शतकात मिसर देशाच्या वाळवंटात एकांतवासात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या साधकाने मनाचा बारकाईने अभ्यास केला होता. खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, बढाई आणि गर्व अशी आठ प्रकारच्या विचारांची यादी त्याने केली. वाळवंटात ना बाजार, ना शेजारी, ना भाऊबंदकी. तरीही हे आठही पाहुणे तिथे हजर होत, हा त्याचा अनुभव. त्याचा निष्कर्ष आजही उपयोगी पडतो. हे विचार यावेत की न यावेत, हे माणसाच्या हातात नसते. त्यांना मुक्काम करू द्यायचा की नाही, हे मात्र हातात असते.

'विचारच करू नको' हा सल्ला म्हणूनच फसतो. १९८७ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असे बजावले आणि तरीही आला तर घंटी वाजवायला सांगितले. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर मोकळीक दिली तेव्हा, आधी विचार दाबलेल्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आले. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अस्वलाऐवजी एका ठरावीक लाल मोटारीचा विचार करा, असे ज्यांना सांगितले होते त्यांच्या बाबतीत ही उसळी कमी झाली. म्हणजे नुसते दार लावून भागत नाही. आत कोणाला बसवायचे तेही ठरवावे लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानातला झाडून-लोटून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दाखला हेच सांगतो. बाहेर काढलेला दुष्ट आत्मा परत येतो, घर मोकळेच पाहतो आणि सोबत आणखी सात जणांना घेऊन आत शिरतो.

फाटकावरचा पहारा

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले ते बंदिवासात असताना. पुढे सुटका आहे की मरण, हे त्याला ठाऊक नव्हते. तरी चौथ्या अध्यायात तो चिंतेबद्दल लिहितो आणि नुसते 'करू नका' म्हणून थांबत नाही. जे हवे ते देवाला सांगा, आभार मानत सांगा, म्हणजे देवाची शांती तुमची मने राखील, असा त्याचा भाव आहे. इथे 'राखणे' यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो सैनिकांच्या पहाऱ्याचा शब्द आहे. त्यानंतर तो मनात काय ठेवावे याची यादी देतो, आणि त्या यादीत पहिला मान आहे 'सत्य' या गुणाला.

पहारा म्हणजे काय हे खमरियात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दारूगोळ्याच्या कामावर जाताना काडेपेटी, विडी आत नेता येत नाही. झडती होते ती माणूस वाईट आहे म्हणून नव्हे, आतला माल नाजूक आहे म्हणून. मनाच्या फाटकावरही प्रत्येक विचाराला पहिला प्रश्न हाच विचारावा: तू खरा आहेस का?

लाटणे थांबलेल्या त्या बाईने हा प्रश्न विचारला तर काय होईल? 'आवाज झाला' हे खरे आहे. 'आज चाचणी असेल' हे संभवते. 'अपघात झाला' हे अजून खरे नाही. 'माझे सगळे संपले' हे तर मुळीच खरे नाही. भीती लगेच जाणार नाही, पण वीस वर्षांचे चित्र गळून पडेल आणि हातात एवढीच एक घटका उरेल. एका घटकेपुरती प्रार्थना करता येते. वीस वर्षांच्या काल्पनिक संकटासाठी करता येत नाही.

लक्ष्मीबाईंनी विचारलेला प्रश्न

एका खोट्या विचाराची तपासणी झाली तर आयुष्य कसे बदलते, याचे उदाहरण मराठी माणसाच्या घरातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. १८५७ च्या उठावानंतर जवळच्या नातलगाला फाशी झाल्याचा धक्का त्यांच्या वडिलांच्या मनाने असा घेतला की, सोवळ्याओवळ्याने सगळे घर वेठीस धरले गेले. बाजारातून आणलेला जिन्नसही धुऊन घ्यायचा, इथवर त्याची मजल गेली. एका माणसाच्या मनात ठाण मांडून बसलेला विचार सगळ्या घराला राबवतो, तो असा.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला. ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हाही त्यांनी सोवळे सांभाळले होते. पुढे एक दिवस त्यांनी त्या सोवळ्याच्या विचारालाच प्रश्न केला. हे जातिभेद देवाने केले की माणसाने? देवाने केले असते, तर प्राण्याप्राण्यांत दिसतो तसा फरक माणसामाणसांतही दिसला असता. तो तर दिसत नाही. मग कोणाच्याही हातचे खायला हरकत नाही, असा त्यांनी मनाशी निश्चय केला. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, की विचार दाबून टाकायलाही सांगितले नव्हते. त्यांनी तो समोर बसवला, त्याची चौकशी केली आणि खोटा ठरल्यावर त्याला निरोप दिला. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण मन मोकळे होण्याची सुरुवात त्या साध्या प्रश्नापासून झाली होती.

आतून पडणारी ठिणगी

भीतीचा विचार बाहेरच्या आवाजाने जागा होतो. रागाचा विचार मात्र आतच तयार होतो. त्या घरातल्या नवऱ्याचेच पाहावे. यंदा चार्जमनच्या यादीत नाव येईल अशी आशा होती. नाव आले ते मागाहून लागलेल्या मुलाचे. आता जेवताना, झोपताना, सायकल हाकताना मनातल्या मनात त्या मुलाशी भांडण चालू असते. भांडणातली दोन्ही बाजूंची वाक्ये हाच बोलतो आणि दर वेळी जिंकतोही, पण झोप मात्र येत नाही.

स्फोटक पदार्थांबरोबर काम करणाऱ्यांना ठाऊक असते की ठिणगी काडेपेटीतूनच पडते असे नाही. अंगावर साठलेली स्थिर वीजही पुरते. म्हणून कामाला हात लावण्याआधी ती जमिनीत सोडून द्यावी लागते. रागाचेही तसेच आहे. इफिसकरांस पत्रात पौल राग येऊच देऊ नका असे म्हणत नाही. सूर्य मावळण्याआधी तो संपवा, असे बजावतो. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्या मुलाचे नाव मोठ्याने घेऊन त्याचे भले मागणे फार जड जाते. पहिल्या दिवशी ओठ वळत नाहीत. पण ज्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची, त्याच्याशी रात्रभर मनात भांडणे हळूहळू अवघड होऊ लागते.

यासाठी मोठ्या साधनेची गरज नाही. सकाळी एक वचन पाठ करून दिवसभर ते जवळ ठेवावे. एव्हाग्रियसनेही प्रत्येक प्रकारच्या विचाराला द्यायची उत्तरे शास्त्रवचनांतून जमवून ठेवली होती. विचार आला की त्याला नाव द्यावे: ही भीती, हा मत्सर, हा राग. नाव दिले की तो थोडा लांब उभा राहतो. काम करताना उपासना संगीतातले एखादे गीत गुणगुणावे. टिळकांची कितीतरी गीते मराठी मंडळीच्या ओठांवर आहेत ती काय उगाच? आणि एखादा विचार एकट्याने पेलत नसेल तर तो नवऱ्याजवळ, बायकोजवळ, विश्वासातल्या मैत्रिणीजवळ बोलून दाखवावा. प्रभूनेही त्या रात्री तिघांना जवळ घेतले होते.

इतके करूनही झोप उडालेली राहिली, एकच विचार दिवसभर हात धुवायला किंवा कडी तपासायला लावत राहिला, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. पाय मोडला तर प्रार्थनेबरोबर प्लास्टरही घालतात. मनाच्या दुखण्यात डॉक्टरांचे औषध घेणे म्हणजे देवावरचा भरवसा सोडणे नव्हे. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या, पैसे न देता, बोलता येते.

संध्याकाळी कामाची पाळी सुटते. फाटकातून सायकली आणि स्कूटर बाहेर पडतात. घरातल्या बाईची नजर आजही रस्त्याकडे लागेल, उद्याही लागेल. प्रेम आहे तिथे काळजी असायचीच. पण चहाचे आधण ठेवताना ती कालच्यासारखी स्वतःवर चिडलेली नसेल. भीती दाराशी आली होती, तिने तिला ओळखले, खरेखोटे विचारले आणि प्रभूच्या स्वाधीन केले. उद्या ती पुन्हा येईल, तेव्हा पुन्हा हेच करायचे.