पाहुण्यांचा धूर आणि शेजाऱ्यांची झोंप

हॉलंड देशांतील आम्स्टरडॅम शहरीं ता. २५ मे २०२३ पासून एक नवा नियम सुरू झाला. शहराच्या जुन्या मध्यभागीं, म्हणजे वालन नांवाच्या वस्तींत व तिच्या लगतच्या चौकांत, भर रस्त्यावर गांजा किंवा चरस ओढणारास १०० युरो, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ९ हजार रुपये, दंड करावा असें तेथील नगरपालिकेनें ठरविलें. बातमी लहान होती, आणि ती वाचून आपल्याकडे पुष्कळांस हंसूंही आलें असेल. ज्या शहराची कीर्ति ह्याच धुरामुळें जगभर पसरली, तेंच आतां धुरास दंड करूं लागलें, म्हणजे हलवायानेंच गोड खाण्यास मनाई करावी तसें झालें! परंतु त्या नियमाच्या मुळाशीं जो प्रश्न आहे, तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पाहुणे फार झाले आणि ते घरच्यांची झोंप मोडूं लागले, तर यजमानानें काय करावें, हा तो प्रश्न होय. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरचीं मुलें आज त्या देशांत नोकरीस आहेत. आणि त्याहून कितीतरी अधिक घरचीं मुलें सुटी पडतांच गोव्यास जातात. तेव्हां ह्या प्रश्नाचा विचार आपणही करून ठेवणें बरें.

प्रथम वस्तुस्थिति काय आहे ती पाहूं. हॉलंडांत गांजा कायदेशीर आहे, असा आपल्याकडे सर्वत्र समज आहे. तो बरोबर नाहीं. तेथील अफूचा कायदा गांज्यासही लागू आहे. १९७६ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन मादक पदार्थांचे दोन वर्ग करण्यांत आले. हेरॉइन, कोकेन वगैरे अति घातक पदार्थ एका वर्गांत गेले, व गांजा-चरस दुसऱ्यांत. दुसऱ्या वर्गांतील पदार्थांची विक्री हाही गुन्हाच राहिला. परंतु कांहीं अटी पाळणाऱ्या दुकानदारावर खटला भरावयाचा नाहीं, असें धोरण हळूहळू रूढ झालें. अशा दुकानांस तेथें 'कॉफीशॉप' म्हणतात. नांव कॉफीचें, धंदा गांज्याचा! अटी अशा कीं, अठरा वर्षांखालील कोणासही आंत घेऊं नये. एका गिऱ्हाइकास ५ ग्रॅमपेक्षां अधिक देऊं नये. दुकानांत ५०० ग्रॅमपेक्षां अधिक सांठा ठेवूं नये. जाहिरात करूं नये. अधिक घातक पदार्थांस थारा देऊं नये. आणि शेजाऱ्यांस उपद्रव होऊं देऊं नये. ही शेवटची अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण सारा वाद पुढें तिच्याचभोंवतीं फिरणार आहे.

ह्या व्यवस्थेंत एक मोठी विसंगति आहे. दुकानाच्या पुढच्या दारानें माल जातो, त्याकडे सरकार डोळेझांक करतें. परंतु तोच माल पिकविणें व मागल्या दारानें दुकानांत आणणें हा मात्र गुन्हा. डच लोक स्वतःच ह्यास 'मागल्या दाराचा प्रश्न' म्हणतात. तो सोडविण्यासाठीं डिसेंबर २०२३ पासून ब्रेडा व टिलबुर्ग ह्या गांवांत, आणि पुढें एकंदर दहा गांवांत, सरकारी परवान्यानें पिकविलेला माल दुकानांस पुरविण्याचा प्रयोग सुरू झाला. ज्या शहराच्या नांवानें हा सारा बोलबाला, तें आम्स्टरडॅम मात्र त्या दहांत नाहीं.

आतां ज्या वस्तीसाठीं हा नियम झाला तिकडे वळूं. वालन हा शहराचा सर्वांत जुना भाग. तेथील जुन्या देवळाची प्रतिष्ठापना १३०६ सालची आहे. भोंवतीं अरुंद कालवे, त्यांच्या कांठीं उंच व चिंचोळीं घरें. ह्या भागाची दुसरीही एक प्रसिद्धि आहे, परंतु घरांतील सर्वांनीं वाचावयाच्या पानांत तिचा विस्तार करण्याचें प्रयोजन नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, त्या चिंचोळ्या घरांच्या वरच्या मजल्यांवर साधीं माणसेंही राहतात. म्हातारीं राहतात, शाळेंत जाणारीं मुलें राहतात, पहांटे उठून कामावर जाणारे राहतात. खालीं रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत परदेशी तरुणांचीं टोळकीं आरडतात, दारांत ओकतात, उंबऱ्यावर बसून चिलमीचा खेळ मांडतात, आणि तो धूर सरळ वरच्या खिडकींत शिरतो. शहराची लोकसंख्या नऊ लाखांच्या घरांत. आणि नागरिकांच्या ३० हजारांवर सह्यांच्या अर्जानंतर २०२१ सालीं नगरपालिकेनें जी मर्यादा मान्य केली, ती वर्षास २ कोटी मुक्कामांची! नऊ माणसांच्या घरांत वर्षाकाठीं दोनशें रात्री कोणीतरी पाहुणा निजावयास असावा, असा हा हिशेब पडतो. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकभगिनींस ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

नगरपालिकेनें केवळ दंडावर भिस्त ठेविली नाहीं. त्या भागांत गुरुवारपासून रविवारपर्यंत दुपारीं चारनंतर दुकानांतून मद्य विकण्यास पूर्वीच बंदी होती. २०२३ सालीं शुक्रवारच्या व शनिवारच्या रात्रीं पानगृहें दोन वाजतां बंद करावीं आणि एकनंतर नवें गिऱ्हाईक त्या भागांत घेऊं नये, असें ठरलें. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत अठरा ते पस्तीस वर्षांच्या ब्रिटिश तरुणांस उद्देशून 'दूर राहा' अशी जाहिरातही तिनें सुरू केली. गांवोगांवच्या नगरपालिका 'या, या' म्हणून जाहिराती देतात. 'येऊं नका' म्हणून खर्च करणारी नगरपालिका विरळाच.

ह्यावर आक्षेप अर्थातच आले. व्यापारी म्हणतात, पाहुण्यांवर शहर जगतें, त्यांस हांकलून खाणार काय? उदारमतवादी म्हणतात, गांजा ओढणारा दारुड्यापेक्षां शांत असतो, त्याच्याच मागें कां लागतां? आणि कडक नीतीचे लोक म्हणतात, हीं दुकानेंच समूळ बंद करा, म्हणजे वादच मिटला. ह्या तिन्ही म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. परंतु तिघांच्याही नजरेंतून एक गोष्ट सुटते असें आम्हांस वाटतें.

गांवांतला मनुष्य रस्त्यावर नीट वागतो तो पोलिसाच्या भयानें थोडा, आणि ओळखीच्या डोळ्यांच्या भयानें फार. समोरच्या माडीवरून कोणी काका पाहतील, उद्यां बाजारांत वडिलांस सांगतील, ह्या धाकानें आमच्या पिढींतील कित्येकांचीं पाउलें वेळींच मागें फिरलीं. पाहुण्यास हा धाक नसतो. तो आपलें नांव, कूळ आणि लाज घरीं ठेवून आलेला असतो. बरें, त्यास दंड केला तर तो शिकतो म्हणावें, तर शिकेपर्यंत त्याचें परतीचें विमान सुटतें, आणि येत्या शुक्रवारीं दुसरे तितकेच अजाण तरुण त्या उंबऱ्यावर येऊन बसतात. म्हणून पाहुण्यांवर पहारा ठेवणें हें गळक्या रांजणांत पाणी भरण्यासारखें काम आहे. पोलिसांनीं तें करूं नये असें नाहीं. त्या रात्रीपुरती तरी म्हातारीची झोंप वांचते, आणि तेंही कांहीं थोडें नव्हे. परंतु कायमचा बंदोबस्त करावयाचा तर जो कायम तेथें राहतो त्यासच बांधून घेतलें पाहिजे. तो म्हणजे दुकानदार, आणि स्वस्त खाट भाड्यानें देणारा खाणावळवाला.

हें तत्त्व आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. तें मद्याविषयीं आहे, गांज्याविषयीं नाहीं. पण प्रश्न तोच. कौटिल्य मद्य सर्वस्वीं बंद करीत नाहीं. पानागारांत निरनिराळ्या कोठड्या, शय्या व आसनें असावीं, ऋतुमानाप्रमाणें फुलें, सुगंध व पाणी ठेवावें, असें तो सांगतो. पिणारानें तेथेंच बसून प्यावें, पिऊन गांवभर हिंडूं नये. ज्याची वागणूक शुद्ध म्हणून ठाऊक आहे त्यासच थोडें मोजून बाहेर नेऊं द्यावें. आंत गुप्त हेर बसवून कोणाचा खर्च नेहमीचा व कोणाचा अवाजवी, तसेंच परगांवचे कोण आले, ह्यावर लक्ष ठेवावें. आणि सर्वांत मर्माची गोष्ट ही कीं, नशेंत झोंपलेल्या गिऱ्हाइकाचे दागिने, वस्त्रें किंवा पैसे गेले, तर विक्रेत्यानें तें भरून द्यावें व तितकाच दंडही भरावा. ज्यानें नशा विकून नफा घेतला, त्यानें नशेच्या परिणामाची जोखीमही घ्यावी, हें ह्यांतील सूत्र.

ह्या कसोटीस लावून पाहतां आम्स्टरडॅमचा नियम अर्धा बरोबर व अर्धा अपुरा ठरतो. पदार्थापेक्षां जागेकडे पाहून नियम केला, हें योग्यच झालें. रस्ता हें सर्वांचें अंगण आहे, आणि अंगणांत काय चालावें हें तेथें राहणारांनीं ठरवावें. परंतु दंडाचा मुख्य भार वाटसरावर ठेवला. त्यास पुडी बांधून रस्त्यावर पाठविणारा मोकळाच राहतो. वाटसरू निरपराधी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण शेजाऱ्यांस उपद्रव न होऊं देण्याची जी जुनी अट दुकानावर आहे, तिची आठवण नगरपालिकेनें पुडी विकणारास अधिक जोरानें करून द्यावी. दंडानें भागलें नाहीं तर ठराविक वेळांत बाहेर नेण्यासाठीं विक्री बंद करण्याचा विचार करूं, असें नगरपालिकेनें त्याच वेळीं सुचविलें होतें. आमच्या मतें तोच उपाय मुळाशीं जाणारा होय.

कोणी म्हणतील, परदेशी मनुष्यास दुकानांतच घेऊं नये म्हणजे झालें. हाही प्रयोग होऊन चुकला आहे. मे २०१२ मध्यें हॉलंडच्या दक्षिणेकडील तीन प्रांतांत, व २०१३ पासून साऱ्या देशांत, ह्या दुकानांत फक्त रहिवाशांस प्रवेश द्यावा असा नियम झाला. आम्स्टरडॅमनें तो अमलांत आणला नाहीं. मास्ट्रिख्टनें आणला, आणि तेथें दार बंद झालेलीं गिऱ्हाइकें गल्लींतील चोरट्या विक्रेत्यांकडे वळलीं, अशी तक्रार सुरू झाली. आम्स्टरडॅमच्या नगराध्यक्षा फेम्के हाल्सेमा यांनीं जानेवारी २०२१ मध्यें परदेशी पाहुण्यांस बंदी करण्याची सूचना मांडली, तेव्हां हीच भीति पुढें आली व ती सूचना मागें पडली. आम्हांसही ती पसंत नाहीं. नियम कृत्यावर असावा, माणसाच्या देशावर नसावा. उद्यां तोच न्याय आपल्या मुलांस परदेशांत लागला, तर आपणांस कसें वाटेल?

आतां घरचें पाहूं. गोव्याच्या सरकारनें २०१९ सालीं पर्यटनस्थळांच्या कायद्यांत दुरुस्ती करून उघड्यावर मद्यपान करणें, चूल मांडून स्वयंपाक करणें, बाटल्या फोडणें, हीं कृत्यें दंडास पात्र ठरविलीं. एकट्यास २,००० रुपये व टोळक्यास १०,००० रुपये असा तेव्हां दंड होता. हा नियम कोणासाठीं करावा लागला? परदेशी गोऱ्यांपुरता खास नव्हे. गोव्यास जाणाऱ्या गाड्यांत आपल्याच सुशिक्षित घरांतील मंडळी भरलेली असतात. तेथील कोळ्याच्या किंवा बागाइतदाराच्या घरासमोर रात्रीं ध्वनिवर्धक लावून नाचणारा तरुण आपल्या आळींत तसें करील काय? आम्स्टरडॅमच्या उंबऱ्यावरील ब्रिटिश पोराहून तो निराळा कसा?

गांज्याच्या बाबतींत तर आपल्या मुलांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही वनस्पति आपणांस परकी नाहीं. पाणिनीच्या सूत्रांत तीळ-उडदांच्या शेतांबरोबर भंगेच्या शेताचीही व्युत्पत्ति आहे. पण आजचा कायदा कडक आहे. १९८५ सालच्या मादक पदार्थांच्या कायद्यानें गांजा-चरसाच्या नुसत्या सेवनासही सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. जवळ अल्प सांठा सांपडल्यास कैद एक वर्षापर्यंत जाते. भांगेचीं नुसतीं पानें ह्या कायद्याच्या व्याख्येंत येत नाहींत, त्यांचा विचार राज्यांचे कायदे करितात. म्हणून राजस्थानांत परवान्याचें भांगेचें दुकान दिसलें, तरी त्यावरून गांज्यासही मोकळीक आहे असा तर्क करूं नये. आम्स्टरडॅमांत जो प्रकार १०० युरोंवर मिटतो, त्यानें येथें एखाद्याची नोकरी व परदेशगमन दोन्ही अडतील. त्याच कायद्यांत आणखी एक तरतूद आहे, ती घरच्या वडीलधाऱ्यांनीं जाणून असावी. व्यसनांत सांपडलेला मनुष्य आपण होऊन सरकारमान्य संस्थेंत उपचार घेईल व तो पुरा करील, तर सेवनाबद्दल किंवा अल्प सांठ्याबद्दल त्यावर खटला चालत नाहीं. लपवाछपवी करण्यापेक्षां हा मार्ग बरा.

'अतिथि देव' हें आपण मुलांस लहानपणींच शिकवितों. पण अतिथीचा धर्म काय, हें शिकविण्याचें राहून जातें. मुलगा सहलीस निघाला म्हणजे शिदोरी, औषध व पैसे आपण आठवणीनें देतों. त्याबरोबर एवढेंही सांगावें कीं, जेथें तूं मौज करावयास जात आहेस, तेथें कोणाचें तरी घर आहे, आणि त्या घरांत कोणी तरी निजलेलें आहे.